अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील महाविद्यालयांत अर्थशास्त्र हा विषय शिकवला जात असे. पण त्याची बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्लंडमध्ये लिहिलेली असत. त्यांतील कारखाने इंग्लंडचे, शेती इंग्लंडची आणि मजूरही इंग्लंडचे. त्या पुस्तकांचा अभ्यास करून पदवी मिळवणाऱ्या तरुणाला मँचेस्टरच्या कापडगिरण्यांची माहिती असे. परंतु स्वतःच्या तालुक्यातील शेतकऱ्याला वर्षाकाठी किती उत्पन्न मिळते, तो कोणाकडून कर्ज घेतो आणि किती व्याज भरतो, हे त्याला सांगता येत नसे. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारताच्या आर्थिक प्रश्नांचा सखोल विचार केला होता. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची तपशीलवार पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्धही केली होती. परंतु असे प्रयत्न विरळ होते. भारताचे अर्थशास्त्र भारतातील गावांत आणि शहरांत जाऊन, मोजून-तपासून उभे करायला हवे, हा विचार ज्यांनी आयुष्यभराचे काम मानला आणि त्यासाठी एक संस्था घडवली, त्या मोजक्या विद्वानांत डॉ. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे नाव अग्रभागी आहे. महाराष्ट्र त्यांना धनंजयराव या नावाने ओळखतो.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण नागपूर येथे झाले. पुढे उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या क्वीन्स महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळी केंब्रिज हे अर्थशास्त्राच्या अध्ययनाचे मोठे केंद्र होते. आल्फ्रेड मार्शल यांनी तेथे या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा केला होता आणि त्यांच्यानंतर प्रा. पिगू हे त्या आसनावर होते. अशा वातावरणात शिकणाऱ्या भारतीय तरुणाला एखाद्या सैद्धांतिक विषयावर प्रबंध लिहिणे स्वाभाविक वाटले असते. धनंजयरावांनी मात्र स्वतःच्या देशाचा विषय निवडला. १८६० नंतर भारतात आगगाड्यांचे जाळे पसरले, गिरण्या वाढल्या, कारागिरांचे जुने धंदे बसले आणि शेतीमाल परदेशी बाजारात जाऊ लागला. या सर्व बदलांचा क्रम कसा होता आणि त्यांचा गावांवर व शहरांवर कोणता परिणाम झाला, याचा शोध त्यांनी घेतला.

हा प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील हा ग्रंथ लिहिला गेला तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. भारताच्या दारिद्र्याचा सारा दोष केवळ परकीय सत्तेवर टाकणे किंवा परकीय सत्तेमुळेच भारताची प्रगती झाली असे म्हणणे, ही दोन्ही टोके त्या काळी प्रचलित होती. धनंजयरावांनी दोन्ही टोके टाळली. शहरी कारागिरांचा राजाश्रय का संपला, यंत्राच्या मालापुढे विणकर का हटला, गावातील सुतार-लोहाराचे बलुते का टिकून राहिले, कापूस व ताग यांच्या गिरण्या मुंबई आणि कोलकाता येथेच का वाढल्या, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांनी पुराव्यांच्या आधारे दिली. पुढील अनेक दशके हा ग्रंथ भारतातील विद्यापीठांत अभ्यासला गेला. त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि लेखक त्यांत नवीन काळाची भर घालत राहिले.

भारतात परतल्यावर धनंजयरावांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. सरकारी नोकरीत स्थैर्य होते आणि प्रतिष्ठाही होती. परंतु त्यांचा कल अध्यापन आणि संशोधनाकडे होता. १९२५ साली ते सुरत येथील मगनलाल ठाकोरदास बालमुकुंददास महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तेथे त्यांनी पाच वर्षे काम केले. याच काळात पुण्यात एका नव्या संस्थेची कल्पना आकार घेत होती.

नामदार गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. सार्वजनिक जीवनात काम करणाऱ्या माणसाने आपल्या प्रश्नाचा आधी कसून अभ्यास केला पाहिजे, ही गोखल्यांची शिकवण होती. सरकारी अंदाजपत्रकावरील त्यांची भाषणे आकडेवारीच्या भक्कम पायावर उभी असत. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी समाजाला दिलेल्या देणगीतून ६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था सुरू झाली. धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. हे पद त्यांनी पुढे १९६६ पर्यंत, म्हणजे सुमारे छत्तीस वर्षे सांभाळले.

संस्थेचा आरंभ लहान होता. साधने थोडी होती आणि संशोधकांची संख्याही थोडीच होती. त्यामुळे कोणता विषय हाती घ्यावा हा प्रश्न महत्त्वाचा होता. धनंजयरावांनी मोठ्या नावाचे विषय शोधले नाहीत. त्यांनी आसपासचे विषय निवडले. पुणे शहरात फळे कोठून येतात, अडत्यांच्या हातून ती कशी विकली जातात आणि ग्राहकाने दिलेल्या किमतीपैकी बागायतदाराच्या हाती किती पडते, याची पाहणी संस्थेने केली व तिचा अहवाल १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांमधील मोटार वाहतुकीची पाहणी झाली. तेव्हा खेड्यापाड्यांतून प्रवासी मोटारी नव्यानेच धावू लागल्या होत्या. फळबाजार किंवा मोटारी हे विद्वानांच्या अभ्यासाचे विषय होऊ शकतात, ही गोष्टच अनेकांना नवीन होती. परंतु सामान्य माणसाचे आर्थिक जीवन बाजारातील वखारीत आणि मोटारीच्या तळावरच घडत असते, हे या पाहण्यांतून दिसून आले.

सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात संस्थेने शेतीव्यवसायाची पाहणी केली. तिचा अहवाल १९४० साली प्रसिद्ध झाला. वरवर पाहता शेतीचा हिशेब मांडणे सोपे वाटते. उत्पन्नातून खर्च वजा केला की नफा कळतो. प्रत्यक्षात मात्र शेतकऱ्याचा हिशेब दुकानदाराच्या हिशेबासारखा नसतो. शेतकरी स्वतः राबतो, त्याची पत्नी आणि मुले राबतात. त्यांना कोणी मजुरी देत नाही. बैलांना लागणारा कडबा घरचाच असतो. धान्याचा मोठा भाग बाजारात न जाता घरातच खाल्ला जातो. या साऱ्याची किंमत कशी धरायची? घरच्या श्रमाची किंमत शून्य धरली तर शेती फायद्याची दिसते आणि बाजारभावाने मजुरी धरली तर चित्र पार बदलते. म्हणजे आकडे गोळा करण्याआधी आकड्यांचा अर्थ ठरवावा लागतो. शेतमालाच्या उत्पादनखर्चाविषयी पुढे भारतात ज्या चर्चा झाल्या, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

अशा पाहणीचे काम कष्टाचे असते. प्रथम प्रश्नावली तयार करावी लागते. प्रश्न असा असावा लागतो की तो निरक्षर माणसालाही कळेल आणि त्याचे उत्तर मोजता येईल. नंतर गावे व घरे निवडावी लागतात. सर्वच घरांत जाणे शक्य नसते, म्हणून काही घरांचा नमुना घ्यावा लागतो. पण तो निवडताना सोयीची, रस्त्यालगतची किंवा ओळखीची घरे निवडून चालत नाही. त्यानंतर घरोघरी जाऊन माहिती लिहून घ्यावी लागते. शेतकऱ्याजवळ वह्या नसतात, त्याला सारे आठवून सांगावे लागते. सरकार कर वाढवेल या भीतीने कोणी उत्पन्न कमी सांगतो, तर कोणी अब्रूच्या धास्तीने कर्ज लपवतो. हे सारे ध्यानात घेऊन माहिती तपासावी लागते आणि मग तक्ते तयार होतात. संगणक नसलेल्या त्या काळात ही आकडेमोड माणसांनाच करावी लागे. धनंजयरावांच्या संस्थेत संशोधकांच्या पिढ्या या शिस्तीत तयार झाल्या.

१९३६-३७ मध्ये संस्थेने पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी हाती घेतली. शहरातील कुटुंबे कोणता व्यवसाय करतात, त्यांचे उत्पन्न किती, घरे कशी, शिक्षण किती, बाहेरगावाहून आलेली माणसे कोणती कामे करतात, अशा अनेक बाजूंनी माहिती गोळा केली गेली. तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा भाग १९५२ साली प्रसिद्ध झाला. एखाद्या भारतीय शहराचे इतक्या बारकाईने केलेले हे आरंभीच्या काळातील महत्त्वाचे चित्रण होते. पुढे संस्थेने कोल्हापूर आणि सोलापूर या शहरांचाही अभ्यास केला.

संशोधनाबरोबरच अध्यापनही चालू होते. पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी संस्थेला विद्यापीठाची मान्यता होती. एम. ए. आणि पीएच. डी. चे विद्यार्थी तेथे शिकत. वर्गातील सिद्धांत आणि गावातील पाहणी या दोन गोष्टी तेथे एकाच छपराखाली नांदत होत्या. ना. वि. सोवनी, वि. म. दांडेकर, नीळकंठ रथ यांच्यासारखे नामवंत अर्थशास्त्रज्ञ या संस्थेत काम करत होते. १९५९ साली संस्थेने ‘अर्थविज्ञान’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने कृषी-अर्थशास्त्राचे प्रगत अध्ययन केंद्र म्हणून संस्थेला मान्यता दिली. धनंजयरावांनंतर संचालक झालेले दांडेकर आणि त्यांचे सहकारी रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. देशातील किती लोकांना पुरेसे अन्न मिळत नाही, हा प्रश्न त्या अभ्यासाने देशापुढे ठेवला. संस्थेत रुजलेल्या परंपरेचेच ते फळ होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धनंजयरावांच्या ज्ञानाची वेगळी कसोटी लागली. युद्धामुळे धान्याची टंचाई झाली, भाव भडकले आणि १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लक्षावधी माणसे मरण पावली. त्या वर्षी सरकारने नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीचे धनंजयराव सदस्य होते. धान्य बाजारात असूनही गरिबाला ते विकत घेता येत नसेल, तर केवळ व्यापारावर विसंबून चालत नाही. एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटप सुरू करावे आणि मध्यवर्ती सरकारने धान्याचा साठा राखावा, अशा शिफारशी या समितीने केल्या. धान्याचे भाव स्थिर राहणे आणि ते सर्वांना वाजवी दरात मिळणे हा आर्थिक नियोजनाचा पाया आहे, हे मत धनंजयरावांनी पुढेही सातत्याने मांडले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली भारत सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस तिचे अध्यक्ष होते. धनंजयराव आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. संपूर्ण देशाचे उत्पन्न किती, हे अधिकृतपणे मोजण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता.

याच सुमारास धनंजयरावांच्या जीवनात असे एक पर्व आले की ज्यामुळे त्यांचे नाव ग्रंथालयाच्या भिंतीबाहेर, शेतकऱ्यांच्या घरांत पोहोचले. अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर जिल्हा) गोदावरी आणि प्रवरा नद्यांच्या कालव्यांमुळे शेतकऱ्यांना काय लाभ झाला, याचा अभ्यास त्यांनी केला होता. तो अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचा लाभ केवळ शेताला मिळणाऱ्या पाण्यापुरता नसतो. पाणी आले की ऊस येतो, ऊस आला की गुऱ्हाळे चालतात, मजुरांना काम मिळते, गाड्यांना भाडे मिळते आणि बाजारपेठ वाढते. अशा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची मोजदाद या अभ्यासात होती. परंतु त्या भागातील उस उत्पादकांची एक मोठी अडचण होती. गुळाचे भाव घसरले की शेतकरी कर्जात बुडे. साखर कारखाने होते, पण ते खाजगी मालकीचे होते आणि साखरेचा नफा शेतकऱ्याच्या वाट्याला येत नसे.

या परिस्थितीवर उपाय म्हणून शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन स्वतःचा साखर कारखाना काढावा, ही कल्पना पुढे आली. लोणी गावचे विठ्ठलराव विखे पाटील या कल्पनेने झपाटलेले होते. त्यांचे औपचारिक शिक्षण फारसे झालेले नव्हते; परंतु शेतकऱ्यांची नाडी त्यांना नेमकी ठाऊक होती. ते गावोगावी हिंडून भागभांडवल गोळा करत होते. त्यांना धनंजयरावांची साथ मिळाली. केंब्रिजला शिकलेला विद्वान आणि मातीत राबणारा शेतकरी यांची ही जोडी त्या काळात अपूर्व होती. धनंजयराव कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अध्यक्षपद स्वीकारताना धनंजयरावांनी आपली विद्वत्तेची प्रतिष्ठा पणाला लावली होती. कारखाना चालला नसता, तर शेतकऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेले भांडवल बुडाले असते आणि सहकाराचे नावही बदनाम झाले असते. लहान शेतकऱ्यांना एवढा मोठा उद्योग चालवता येईल का, अशी शंका अनेकांना होती. सहकार म्हणजे कर्ज देणारी गावची पतपेढी, एवढीच तेव्हा बहुतेकांची समजूत होती. परंतु शेतकऱ्याने केवळ कच्चा माल विकत राहिल्यास त्याची स्थिती सुधारणार नाही. प्रक्रिया आणि विक्री यांतही त्याचा हक्काचा वाटा असला पाहिजे, असे धनंजयरावांचे मत होते. जे मत पुस्तकात मांडायचे, त्याची जबाबदारी व्यवहारात घ्यायला ते कचरले नाहीत. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगर येथील कारखान्याचे गाळप सुरू झाले. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय. पुढे त्याच्या धर्तीवर राज्यात अनेक कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या परिसरात शाळा, महाविद्यालये व दवाखाने निघाले.

धनंजयरावांचे देशव्यापी महत्त्वाचे काम ग्रामीण पतपुरवठ्याच्या क्षेत्रात झाले. रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा पाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील तिच्या संचालन समितीत धनंजयराव होते. १९५१-५२ मध्ये देशातील ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांत ही पाहणी झाली आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा करण्यात आली. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालातील आकडे डोळे उघडणारे होते. भारतात सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला होता. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक उलटूनही शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी केवळ ३.१ टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून मिळत होते. सरकारकडून मिळणारे कर्ज ३.३ टक्के होते. सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून घेतलेले होते.

हे आकडे पाहून सहकाराचा मार्ग सोडून द्यावा, असा निष्कर्ष कोणीही काढला असता. समितीने मात्र अपयशाची कबुली देऊन त्याची कारणे शोधली. गावातील पतपेढी दुबळी होती आणि सावकार व व्यापारी बलवान होते. शेतकरी कर्ज एकीकडे घेई, माल दुसरीकडे विकी आणि विक्रीची सूत्रे सावकाराच्याच हाती असत. म्हणून सरकारने सहकारी संस्थांच्या भांडवलात भागीदार व्हावे, कर्ज, विक्री आणि प्रक्रिया यांची सांगड घालावी, गोदामे बांधावीत आणि ग्रामीण भागात शाखा काढणारी एक मोठी सार्वजनिक बँक असावी, अशा शिफारशी समितीने केल्या. त्यानंतर १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेचे रूपांतर स्टेट बँक ऑफ इंडियामध्ये झाले.

धनंजयराव केवळ शेतीच्या प्रश्नांत गुंतलेले नव्हते. भारताची राज्यघटना तयार होण्यापूर्वीच त्यांनी संघराज्याच्या रचनेवर ग्रंथ लिहिले. भाषेच्या आधारावर प्रांतांची पुनर्रचना व्हावी, असे त्यांचे मत होते आणि संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कामात त्यांचा सहभाग होता. केंद्राच्या हाती सर्व सत्ता एकवटू नये, राज्यांना आणि जिल्ह्यांना आपापल्या गरजांप्रमाणे नियोजन करता यावे, हा त्यांच्या विचारांचा गाभा होता. सरकारच्या आर्थिक धोरणांवर त्यांनी वेळोवेळी कठोर टीकाही केली. सरकारी समित्यांवर काम करत असतानाही त्यांनी आपले मत गहाण ठेवले नाही.

१९६६ साली धनंजयराव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच सुमारास राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. परंतु ही दोन्ही पदे त्यांच्याकडे अल्पकाळच राहिली. १९६७ साली त्यांना नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदासाठी बोलावण्यात आले. पंतप्रधान इंदिरा गांधी मंडळाच्या अध्यक्ष होत्या. काळ कठीण होता. दोन युद्धे आणि लागोपाठचे दुष्काळ यांमुळे चौथी पंचवार्षिक योजना वेळेवर सुरू होऊ शकली नव्हती. आयुष्यभर धोरणांवर टीका करणाऱ्या विद्वानाला आता स्वतः धोरण आखायचे होते.

त्या वेळी केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या योजनासाहाय्यासाठी निश्चित नियम नव्हता. ज्या राज्याचे वजन जास्त त्याला अधिक मदत मिळते, अशी तक्रार होती. धनंजयरावांच्या पुढाकाराने १९६९ साली एक सूत्र ठरले. जम्मू-काश्मीर, आसाम आणि नागालँड या राज्यांच्या गरजा आधी भागवायच्या आणि उरलेली रक्कम इतर राज्यांत वाटायची. त्यांपैकी ६० टक्के रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायची. सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्न असलेल्या राज्यांसाठी १० टक्के, कर गोळा करण्याच्या प्रयत्नांसाठी १० टक्के, चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी १० टक्के आणि विशेष समस्यांसाठी १० टक्के, अशी उरलेल्या रकमेची विभागणी होती. हेच ‘गाडगीळ सूत्र’ होय. गरीब राज्यांना यात पुरेसे झुकते माप मिळाले नाही, अशी टीका झाली आणि पुढे सूत्रात बदलही करण्यात आले. परंतु कोणाला किती मिळणार हे मर्जीवर न राहता सर्वांना माहीत असलेल्या नियमाने ठरू लागले, हा मोठा फरक होता.

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँकांनी ग्रामीण भागात कसे जावे, याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या अभ्यासगटाचे प्रमुख धनंजयरावच होते. ऑक्टोबर १९६९ मधील अहवालात या गटाने सुचवले की, प्रत्येक जिल्ह्याची गरज ओळखून तेथील बँकसेवेची योजना तयार करावी. त्यातूनच रिझर्व्ह बँकेची अग्रणी बँक योजना आकाराला आली. प्रत्येक जिल्ह्यासाठी एका बँकेकडे पुढाकार सोपवणारी ही योजना आजही चालू आहे. पुण्याच्या फळबाजारापासून सुरू झालेली अभ्यासाची वाट अशा रीतीने देशाच्या बँकव्यवस्थेपर्यंत पोहोचली.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीनंतर धनंजयरावांनी नियोजन मंडळाचा निरोप घेतला. दिल्लीतील काम संपवून ते पुण्याकडे निघाले. परंतु पुण्यातील अभ्यासिकेत परतण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. ३ मे १९७१ रोजी, परतीच्या प्रवासातच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

त्यांच्यानंतरच्या काळात पुष्कळ गोष्टी बदलल्या. नियोजन मंडळ इतिहासजमा झाले आणि १ जानेवारी २०१५ रोजी त्याच्या जागी नीती आयोग आला. सहकारी साखर कारखानदारीने ग्रामीण महाराष्ट्राला समृद्धी दिली. पण तिच्यासोबत सत्तेचे राजकारण आले आणि दुष्काळी भागात उसासाठी किती पाणी वापरावे, हा वादही उभा राहिला. कोणतीही चळवळ आरंभीच्या ध्येयावर आपोआप टिकत नाही. सभासदांनी जागरूक राहून हिशेब तपासत राहणे आवश्यक असते, हेच यातून दिसते.

गोखले संस्थेला १९९३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुण्यातील या संस्थेच्या समृद्ध ग्रंथालयाला धनंजयराव गाडगीळ यांचेच नाव देण्यात आले आहे. धनंजयरावांचे मोठेपण केवळ त्यांनी भूषवलेल्या पदांत नाही. ज्या शेतकऱ्याचे, कारागिराचे आणि मजुराचे जगणे विद्वानांच्या ग्रंथांत क्वचितच येत असे, त्याच्या दारात जाऊन त्याचा जमाखर्च विचारण्याची पद्धत त्यांनी विद्यापीठीय शिक्षणात रुजवली. त्या जमाखर्चातून जे सत्य हाती आले, ते प्रिय असो वा अप्रिय, त्यांनी निर्भयपणे मांडले आणि त्यावर उपाय करण्याची वेळ आली तेव्हा स्वतः पुढे होऊन भार उचलला. ज्ञान आणि कृती यांची अशी जोड घालणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव भारताच्या इतिहासात आदराने घेतले जाते.